टाके निघाले, पण कागद आणलात काय?

सुरत शहराच्या दक्षिण अंगास उधना, पांडेसरा आणि बमरोली ह्या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. दिवस असो की रात्र, येथे यंत्रमागांचा खडखडाट थांबत नाही. ह्या मागांवर राबणाऱ्यांत आपली मराठी माणसे पुष्कळ. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, जळगाव ह्या बाजूंनी हजारो कुटुंबे येथे आली आणि भाड्याच्या एकेका खोलीत स्थायिक झाली. पुरुष पाळीने मागावर जातात. बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात. सणावाराला, लग्नकार्याला, सुतकाला मंडळी गावी जातात आणि परत येतात. एक पाय बमरोलीत, एक पाय खानदेशात, असा हा संसार आहे.

ह्या वस्तीत घरभेटीस गेलो असता जे पाहिले, ते आमच्या वाचकांस सांगावे असे वाटले. कुटुंबाचे नाव व गल्ली आम्ही सांगत नाही.

घरातील बाई चाळिशी ओलांडलेली. ती खाटेवर बसली होती. चेहरा ओढलेला, हातपाय काडीसारखे, आणि पोट मात्र सातव्या महिन्याच्या गरोदर स्त्रीसारखे पुढे आलेले. थोरली मुलगी महाविद्यालयात शिकते. ती म्हणाली, “फादर, आधी आम्हाला वाटलं आई जाडी होत चालली. परकराची नाडी पुरेना, म्हणून तिने लांब नाडी घातली. शेजारच्या काकू तर हसून म्हणाल्या, ह्या वयात गोड बातमी का?”

पोटात दुखत होते काय, असे आम्ही विचारले. “दुखत नाही,” बाई म्हणाली. “नुसतं जड वाटतं. दोन घास खाल्ले की पोट भरतं.”

दोन वर्षांपूर्वी त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते. उजव्या कुशीत कळ आली, एका लहान खाजगी इस्पितळात नेले, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. आठव्या दिवशी टाके निघाले. काढलेला भाग तपासणीस धाडला आहे, त्याचा कागद नंतर येऊन घेऊन जा, असे तेथे कोणी तरी सांगितले होते. परंतु त्याच आठवड्यात गावी सासरे वारले. सगळे कुटुंब गाडीत बसले. परत आल्यावर पाळ्या सुरू झाल्या, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, आणि कागद राहून गेला. जखम भरली होती; मग कागद कशाला, असे सर्वांस वाटले.

मुलगी जुन्या पावत्या घेऊन इस्पितळात गेली, तेथून तिला प्रयोगशाळेत पाठविण्यात आले, आणि दोन वर्षे कपाटात पडून राहिलेला तो कागद अखेर तिच्या हाती आला. त्यावर जे लिहिले होते, ते वेळीच वाचले गेले असते, तर पुढचे पुष्कळ टळले असते. दोष कोणाचा, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण अशी चूक दुसऱ्या घरी होऊ नये, ह्यासाठी हा लेख आहे.

करंगळीएवढी पिशवी

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, त्या सांध्याच्या किंचित खाली, पोटाच्या उजव्या बाजूस, बंद टोकाची एक बारीक नळी लोंबत असते. तिला शास्त्रात आंत्रपुच्छ म्हणतात; लोक अपेंडिक्स म्हणतात. लांबी साधारण ६ ते १० सेंटिमीटर, जाडी करंगळीहून कमी. ह्या नळीच्या आतल्या अस्तरात बुळबुळीत स्राव करणाऱ्या पेशी असतात. त्या स्रावास श्लेष्मा म्हणतात. निरोगी माणसात तो थोडा थोडा झिरपून मोठ्या आतड्यात वाहून जातो.

आंत्रपुच्छ सुजते, पिकते आणि कापावे लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. हा आजार फार सामान्य आहे. परंतु कधी कधी, फार क्वचित, त्या अस्तरातील पेशी नको तशा वाढू लागतात आणि श्लेष्मा बेसुमार बनवू लागतात. नळीचे तोंड बंद होते, आत चिकट रस साठतो, आणि करंगळीएवढी नळी वांग्याएवढी फुगते. डॉक्टर तिला म्यूकोसील म्हणतात. कापून काढलेल्या हजार आंत्रपुच्छांत अशी दोन-तीनच आढळतात. व्हिएन्नाचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की ह्यांनी १८४२ साली हिचे वर्णन केले होते.

येथे वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की अशी फुगलेली प्रत्येक पिशवी कर्करोग नसते. काहींत फक्त नळीचे तोंड बुजलेले असते. काहींत मंदगतीने वाढणारी गाठ असते. ती धड कर्करोग नव्हे आणि धड निरुपद्रवीही नव्हे. आणि थोड्यांत खरोखरचा कर्करोग असतो. पूर्वी ह्या प्रकारांना वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळी नावे देत, त्यामुळे मोठा घोटाळा होई. २०१६ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकमताने नावे ठरवून दिली. मंदगती प्रकारास अहवालात ‘लो ग्रेड अपेंडिसिअल म्यूसिनस निओप्लाझम’ असे लांबलचक नाव असते, किंवा एल. ए. एम. एन. अशी चार आद्याक्षरे असतात. बमरोलीच्या त्या कागदावर हीच अक्षरे होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पिशवी जोपर्यंत अखंड आहे, तोपर्यंत मंदगती प्रकार पूर्ण बरा होतो. आंत्रपुच्छ सगळे काढले, की बहुधा काम संपले. पण तीच पिशवी आपोआप फुटली, किंवा काढताना फुटली, आणि आतला रस पोटात सांडला, तर गोष्ट वेगळी होते.

गाळ कोठे बसतो?

पोटाच्या पोकळीस आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. त्यास उदरावरण म्हणतात. ह्या पोकळीत थोडे द्रव सदैव फिरत असते. सांडलेल्या श्लेष्म्याबरोबर त्या पेशीही बाहेर पडल्या असतील, तर त्या ह्या द्रवाबरोबर वाहत जातात. इतर कर्करोग रक्तातून वा रसवाहिन्यांतून यकृत, फुप्फुस अशा अवयवांत जातात. हा मंदगती आजार सहसा तसे करीत नाही. तो पोटातच राहतो आणि पोटच भरून टाकतो.

ज्यांनी तापीला पूर आलेला पाहिला आहे, त्यांना हे चटकन समजेल. पाणी जेथे वेगाने धावते, तेथे गाळ बसत नाही. जेथे पाणी मंदावते, तेथे बसतो. पोटातही तसेच आहे. लहान आतडे रात्रंदिवस हालत असते, म्हणून त्यावर ह्या पेशी फारशा टिकत नाहीत. पण उजवीकडे श्वासपटलाच्या खाली, ओटीपोटाच्या तळाशी, आणि आतड्यांपुढे पदरासारखा लोंबणारा जो चरबीचा पडदा असतो त्यात, त्या जाऊन बसतात आणि तेथे श्लेष्मा बनवीत राहतात. महिने जातात, वर्षे जातात. पोट हळूहळू जेलीसारख्या पदार्थाने भरते, आतडी दाबली जातात, भूक मरते. ह्या अवस्थेस डॉक्टर स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात. दर वर्षी दहा लाख लोकांमागे एखाददुसऱ्यासच, फार तर तीन-चार जणांस, हा आजार होतो. हे नाव जर्मन वैद्य व्हेर्ट ह्यांनी १८८४ साली दिले. त्यांनी पाहिलेल्या स्त्रीस अंडाशयाची गाठ होती, म्हणून बरीच वर्षे हा रोग अंडाशयातून येतो असे मानीत. १९०१ साली फ्रेंकेल ह्यांनी आंत्रपुच्छाशी त्याचे नाते दाखविले. आणि १९९० नंतरच्या संशोधनाने हे पक्के झाले की बहुतेक रोग्यांत मूळ आंत्रपुच्छातच असते, अंडाशयावरची गाठ ही तेथून आलेली असते.

ओळखावे कसे?

हा आजार मुका आहे. पुष्कळांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली असता फुगलेले आंत्रपुच्छ दिसते. काहींना उजव्या कुशीत साधे दुखणे होते आणि नेहमीचे अपेंडिक्स समजून शस्त्रक्रिया होते. पोटात पसरल्यानंतरची लक्षणे अशी: घेर वाढणे, थोड्या अन्नाने पोट भरणे, पुरुषांत जांघेत नव्याने हर्निया उतरणे, स्त्रियांत अंडाशयावर गाठ आढळणे. हातपाय बारीक आणि पोट मोठे, असे दिसू लागले तर त्यास चरबी समजून स्वस्थ बसू नये. पोट वाढण्यास इतर कारणेही पुष्कळ आहेत, आणि ती ह्याहून कितीतरी अधिक आढळतात. पण कोणते कारण आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

सोनोग्राफीत ह्या पिशवीच्या आत कधी कधी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलये दिसतात. सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट चित्र येते. आंत्रपुच्छाची रुंदी १५ मिलिमीटरहून जास्त असेल, किंवा त्याच्या भिंतीत चुन्याची कड दिसत असेल, तर डॉक्टरांच्या मनात शंका येते. रक्तात सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ ह्या चाचण्या करतात. त्या एकट्याने निदान करीत नाहीत; आजार किती आहे आणि पुढे परत उलटतो काय, हे पाहण्यास उपयोगी पडतात. मोठे आतडे दुर्बिणीने तपासण्याचाही सल्ला देतात, कारण अशा रोग्यांत कधी मोठ्या आतड्यातही दुसरी गाठ आढळते. अशा फुगलेल्या आंत्रपुच्छात सुई टोचून रस काढण्याचे मात्र डॉक्टर टाळतात, कारण टोचलेल्या जागेतून तो रस पोटात झिरपण्याचा धोका असतो.

चाळिशीवरील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. आंत्रपुच्छाभोवती पू साठला असता हल्ली पुष्कळदा आधी औषधांनी तो आजार शमवितात आणि शस्त्रक्रिया लगेच करीत नाहीत. ही रीत योग्यच आहे. परंतु फिनलंडमधील डॉक्टरांनी अशा ६० रोग्यांचा माग ठेवला, तेव्हा त्यांपैकी १२ जणांच्या आंत्रपुच्छात गाठ निघाली, आणि ते सर्व चाळिशीपुढचे होते. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा गोळ्यांनी बरे वाटले, आता कशास जायचे, असे चाळिशीवरच्या माणसाने म्हणू नये. पुन्हा केव्हा यायचे, स्कॅन केव्हा करायचा, आंत्रपुच्छ काढावे काय, हे डॉक्टरांस स्पष्ट विचारावे.

उपचार

फुगलेले आंत्रपुच्छ काढताना शस्त्रवैद्याचे पहिले कर्तव्य ते न फोडता काढणे हे असते. पोटास मोठा छेद घ्यावा की दुर्बिणीने काढावे, हा विषय त्यांच्या अनुभवाचा आहे. दुर्बिणीने काढले, तर ते पिशवीत बंद करून बाहेर आणतात. फुटेल अशी भीती वाटली, तर दुर्बीण बाजूस ठेवून छेद घेतात. रोग्याच्या नातलगांनी अशा वेळी ‘लहान छेद कबूल केला होता’ म्हणून रुसू नये. शस्त्रवैद्य त्याच वेळी सगळे पोट, आणि स्त्री असेल तर अंडाशयही, नजरेखाली घालतात.

काढलेला भाग मग सूक्ष्मदर्शकाखाली जातो. तेथे तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. गाठ मंदगती की कर्करोगाची? मुळाशी कापलेली कड साफ आहे काय? श्लेष्मा भिंतीबाहेर आला आहे काय, आणि त्यात पेशी आहेत काय? पुढचे सर्व उपचार ह्या उत्तरांवर ठरतात. मंदगती गाठ आंत्रपुच्छातच असेल आणि कड साफ असेल, तर अधिक कापाकापीची सहसा गरज नसते. कर्करोग असेल, तर बहुधा मोठ्या आतड्याचा उजवा भाग व त्याच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. श्लेष्मा बाहेर आला असेल, तर काही वर्षे ठराविक काळाने स्कॅन व रक्ततपासणी करावी लागते. ह्याच अवस्थेत आमच्या बमरोलीच्या भगिनीची दोन वर्षे हातची गेली.

पोट भरल्यावरही मार्ग संपत नाही. वॉशिंग्टनचे शस्त्रवैद्य डॉ. पॉल शुगरबेकर ह्यांनी १९८० नंतरच्या काळात एक पद्धत घडविली. पोटातील सर्व श्लेष्मा, रोग बसलेले अस्तर आणि ज्या अवयवांवर तो चिकटला असेल ते अवयव काढायचे. आणि मग सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअस इतके तापविलेले औषध साधारण तास-दीड तास पोटात फिरवायचे, म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी मराव्यात. ह्या उष्ण औषधधावनास हायपेक असे संक्षिप्त नाव आहे. शस्त्रक्रियेस आठ-दहा तास, कधी त्याहूनही अधिक लागतात. १६ केंद्रांतील २२९८ रोग्यांचा एकत्र अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण शेकडा ६३ होते. त्याच अभ्यासात उपचारामुळे दगावलेल्यांचे प्रमाण शेकडा २ आणि गंभीर गुंतागुंत झालेल्यांचे शेकडा २४ होते. म्हणजे हे काम कोणीही कोठेही करावे असे नाही. इंग्लंडमध्ये तर सरकारने अशी शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांतच करण्याची व्यवस्था केली आहे; बेझिंगस्टोक येथील केंद्रास २००० साली अशी मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई अशा शहरांत हा उपचार होतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. गरिबांस तेथे सवलतीने उपचार मिळतात, हे आमच्या पुष्कळ वाचकांस अनुभवाने ठाऊक आहे.

आंत्रपुच्छातून उद्भवणारा कर्करोग थोरांनाही चुकला नाही. ‘द नन्स स्टोरी’ ह्या १९५९ सालच्या चित्रपटात जोगिणीची भूमिका करणाऱ्या ऑड्री हेपबर्न आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असतील. उत्तर आयुष्यात त्यांनी युनिसेफच्या वतीने उपाशी मुलांसाठी देशोदेशी फिरण्याचे काम पत्करले. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या सोमालियात होत्या. परतल्यावर पोटदुखी वाढली. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली तेव्हा आंत्रपुच्छातून निघून पोटभर पसरलेला ह्याच गटातील रोग सापडला. २० जानेवारी १९९३ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, स्वित्झर्लंडमधील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या तीस वर्षांत शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे.

घरच्यांनी काय करावे?

आमच्या लोकांस मोठा उपदेश नको असतो. करण्याजोगे थोडे सांगितले तर ते करतात. म्हणून थोडक्यात लिहितो.

घरात कोणाचेही आंत्रपुच्छ काढले, तर निघण्यापूर्वी विचारावे: काढलेला भाग तपासणीस पाठविला काय? कोणत्या प्रयोगशाळेत? कागद कोणत्या तारखेस मिळेल? ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या दिवशी गावी जाणे भाग पडले, तर शेजाऱ्यास, मित्रास सांगून जावे. कागद आणून पेटीत ठेवू नये. आधी डॉक्टरांस दाखवावा आणि त्याचा अर्थ मराठीत समजून घ्यावा. ‘सर्व ठीक आहे’ असे शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच तो पेटीत जावा. मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे सुरतेचा कागद जळगावच्या डॉक्टरांसही दाखविता येतो.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड ज्या कुटुंबांजवळ आहे, त्यांस वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांची तरतूद आहे. गुजरात सरकारने २०२३ साली आपल्या राज्यात ही मर्यादा १० लाखांपर्यंत नेली. एका राज्यातील कार्ड दुसऱ्या राज्यातील योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालते, ही गोष्ट आपल्या दोन गावच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी. कोणती शस्त्रक्रिया कोठे योजनेत बसते, हे मोठ्या रुग्णालयांतील मदत-कक्षात विचारावे. विचारण्यास पैसे पडत नाहीत.

आणि एक विनंती शेजाऱ्यांस. पोट वाढलेल्या स्त्रीस पाहून चेष्टा करणे सोपे असते. त्या चेष्टेच्या लाजेने आमची ती भगिनी सहा महिने डॉक्टरांकडे गेली नाही, असे तिनेच आम्हास सांगितले. चेष्टेऐवजी कोणी म्हटले असते, “चल, मी येते तुझ्याबरोबर,” तर सहा महिने वाचले असते.

तिची पुढची हकिगत सांगून थांबतो. कागद सापडल्यावर सीटी स्कॅन झाला, आणि तिला मुंबईस नेण्यात आले. शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली ती रात्री संपली. मागावरच्या सोबत्यांनी वर्गणी काढली, आणि नवऱ्याची पाळी त्यांनी आळीपाळीने भरून काढली. तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती. ह्या वर्षी आम्ही पुन्हा बमरोलीस गेलो, तेव्हा ती दारात बसून साडीचे धागे कापीत होती. दर वर्षी स्कॅनसाठी जावे लागते. आजार परत उलटणारच नाही, असे कोणी डॉक्टर तिला सांगत नाहीत, आणि तीही तसे विचारीत नाही. मुलीने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून उघडली. रेशनकार्डाच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखांप्रमाणे लावलेले सगळे कागद होते. सर्वांत वर तो पहिला कागद होता.

हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी वाचकांनी एवढे करावे. आपल्या घरी गेल्या काही वर्षांत कोणाचे आंत्रपुच्छ काढले असेल, तर त्याचा कागद कोठे आहे, ते आजच पाहावे. नसेल, तर उद्या जाऊन आणावा.